तीच पावडर, तोच वायू, तरी दर वेळी वेगळा आकडा: ऑक्साइडवरच्या अधिशोषणातला घोळ कसा सोडवायचा

ऑक्साइडच्या पावडरीच्या पृष्ठभागावर वायूचे किती रेणू चिकटतात (म्हणजेच अधिशोषण) ते मोजणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. सोमवारी मोजले तेव्हा पावडरीने कार्बन मोनॉक्साइड भरपूर धरला. गुरुवारी त्याच बाटलीतली पावडर, तोच सिलिंडर, तेच तापमान, तोच दाब, आणि आकडा बराच खाली. अवरक्त वर्णपट घेतला तर शिखर आठ-दहा प्रति सेंमीने सरकलेले. टीपीडीत (नमुना तापवत नेऊन कोणत्या तापमानाला कोणता वायू सुटतो ते पाहण्याच्या चाचणीत) एखादे जादा शिखर उगवते आणि पुढच्या फेरीत गायब होते. मग कॅलिब्रेशन तपासले जाते, गळती शोधली जाते, सिलिंडर बदलला जातो. दोन-तीन दिवस आकडे जुळतात आणि पुन्हा तेच.

यामागे एकच कारण असेल असे नाही. पण शोध कुठून सुरू करायचा याबद्दल माझे मत ठाम आहे: वायू सोडण्याआधी पृष्ठभागावर काय बसलेले होते, तिथून. उपकरणाचा दोष सगळ्यात शेवटी बघावा. बरीच मंडळी उलट्या क्रमाने जातात आणि म्हणूनच ही अडचण पुन्हा पुन्हा उगवते.

आधी रिकामी जागा ओळखा

रुटाइल टायटानियाचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा, (११०) या दिशेने कापलेला पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणा. ऑक्साइडांच्या पृष्ठभागांमध्ये सर्वाधिक अभ्यास झालेल्यांपैकी तो एक आहे, आणि त्याची रचना कळली की बाकीच्या ऑक्साइडांचे निम्मे कोडे सुटते. स्फटिकाच्या आत प्रत्येक टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात. पृष्ठभागावर स्फटिक तुटल्यामुळे काही टायटॅनियमना पाचच शेजारी उरतात. हे पाच शेजारी असलेले टायटॅनियम एका सरळ रांगेत, एकमेकांपासून २.९६ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात. अशा दोन रांगांमध्ये सुमारे ६.५ अँगस्ट्रॉम अंतर असते आणि त्यांच्या मधून, थोडी वर उचललेली, ऑक्सिजनची रांग जाते. त्या रांगेतला प्रत्येक ऑक्सिजन दोन टायटॅनियमना जोडतो.

कार्बन मोनॉक्साइडचा रेणू येतो तो रांगेतल्या टायटॅनियमवर, कार्बनचे टोक खाली करून उभा राहतो. इथे एक फरक लक्षात ठेवावा. प्लॅटिनमसारख्या धातूवर धातूचे इलेक्ट्रॉन उलट रेणूत शिरतात, त्याचा बंध सैल होतो आणि कंपनाची तरंगसंख्या मोकळ्या रेणूच्या २१४३ प्रति सेंमीपेक्षा खाली येते. टायटानियातल्या टायटॅनियमकडे द्यायला असे इलेक्ट्रॉन नाहीत. त्यामुळे तरंगसंख्या वर चढते, २१८० च्या आसपास. तुमच्या निव्वळ ऑक्साइडवर, ज्यात धातूचे कण मुद्दाम घातलेले नाहीत, २१०० च्या खाली शिखर दिसत असेल, तर तो रेणू धडधाकट कॅटायनवर (धातूच्या धन आयनावर) बसलेला नाही असे समजून पुढचा तपास करा.

आता पाणी. याच पृष्ठभागावर टायटॅनियमला धरून बसलेले पाणी निर्वातात २७० केल्विनच्या आसपास सुटते. पण जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या रांगेत एखादी जागा रिकामी असेल तर तिथे पाण्याचा रेणू फुटतो आणि एका रिकाम्या जागेचे दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) होतात. ते पुन्हा एकत्र येऊन पाणी म्हणून बाहेर पडायला ५०० केल्विनच्या आसपासचे तापमान लागते. म्हणजे खोलीच्या तापमानाला रात्रभर पंप चालवला तरी पहिल्या प्रकारचे पाणी जाईल, दुसऱ्या प्रकारचे तिथेच राहील. आणि ज्या रिकाम्या जागांचा अभ्यास करायचा म्हणून नमुना बनवला, त्या जागा नेमक्या भरून गेलेल्या असतील.

पावडरीत तर असे अनेक पृष्ठभाग एकत्र असतात, शिवाय कडा आणि कोपरे. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सपाट भागावर मॅग्नेशियमला पाच शेजारी, कडेवर चार, कोपऱ्यावर तीन. शेजारी जितके कमी तितका रेणू घट्ट धरला जातो आणि कार्बन मोनॉक्साइडची तरंगसंख्या तितकी वर: सपाट भागावर २१५० च्या आसपास, कडेवर त्याहून थोडी वर, कोपऱ्यावर २२०० च्या आसपास. पाणीही याच क्रमाने जागा पकडते. म्हणून थोडेसे पाणी एकूण आकडा फारसा बदलत नाही, पण कोपऱ्याचे शिखर पुसून टाकते.

एकाच रेणूच्या बंधऊर्जेवरून पूर्वी मोठा घोळ झालेला आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सपाट पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड किती घट्ट बसतो, याचे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे एक प्रायोगिक उत्तर सुमारे ०.४३ इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. गणिते मात्र त्याच्या जवळपासही जात नव्हती, फार कमी ऊर्जा सांगत होती, आणि दोष गणिताच्या पद्धतीला दिला जात होता. १९९९ मध्ये निर्वातातच फोडलेल्या स्फटिकाच्या ताज्या पृष्ठभागावर मापन झाले. रेणू ५७ केल्विनलाच सुटून आले, बंधऊर्जा निघाली ०.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पृष्ठभाग कसा तयार केला, त्यावर दोष किती होते, एवढ्यावरून उत्तरात तिप्पट फरक पडला होता. तुमच्या दोन फेऱ्यांमधला फरक याच जातीचा असण्याची शक्यता दाट आहे.

वायू न सोडता एक फेरी

सगळ्यात उपयोगी चाचणी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. नेहमीसारखी पूर्वप्रक्रिया करा, थंड करा, डोस देण्याची, म्हणजे मोजून वायू सोडण्याची, वेळ आली की काहीही देऊ नका, तेवढाच वेळ थांबा आणि टीपीडी चालवा. मास स्पेक्ट्रोमीटरवर १८ (पाणी), २८ (कार्बन मोनॉक्साइड) आणि ४४ (कार्बन डायऑक्साइड) ही वस्तुमाने पाहा. ४४ वर काही आले तर पृष्ठभागावर कार्बोनेट होते. २८ वर काही आले तर लगेच कार्बन मोनॉक्साइड म्हणू नका. कार्बन डायऑक्साइडचा रेणू उपकरणात फुटतो आणि ४४ च्या साधारण दहाव्या भागाइतका २८ वरही दिसतो. शिवाय नायट्रोजनचे वस्तुमानही २८. नायट्रोजन असेल तर १४ वर हालचाल दिसेल, कार्बन मोनॉक्साइड असेल तर १२ वर. दोन्ही नोंदवत चला.

अवरक्त पद्धत वापरणाऱ्यांनी डोस देण्याआधीचा वर्णपट बॅकग्राउंड म्हणून वजा करण्यापुरता न ठेवता स्वतंत्रपणे वाचायला हवा. वजाबाकी केली की आधी काय होते ते दिसेनासे होते, आणि नेमकी तीच माहिती आपल्याला हवी असते. ३५०० ते ३८०० च्या पट्ट्यात टोकदार शिखरे असतील तर सुटे हायड्रॉक्सिल. तिथून ३००० पर्यंत पसरलेला रुंद उंचवटा असेल तर हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंतलेले हायड्रॉक्सिल किंवा पाणी. १६३० च्या आसपास शिखर असेल तर अखंड पाण्याचा रेणू अजून शिल्लक आहे, कारण हे वाकण्याचे कंपन सुट्या हायड्रॉक्सिलला नसतेच.

इथे एक फसगत होते. बायकार्बोनेटचे शिखरही १६५० च्या जवळ येते. वेगळे कसे ओळखायचे? बायकार्बोनेटला १२२० ते १२३० च्या दरम्यान एक बारीक, टोकदार शिखर असते, सोबत १४४० च्या आसपास आणि ३६०० च्या थोडे वर. ते १२२५ चे शिखर सापडले की शंका राहत नाही. १३०० ते १६०० मध्ये नुसताच जाड गठ्ठा दिसत असेल तर वेगवेगळ्या प्रकारे बसलेली कार्बोनेटे आहेत. हवेतल्या जेमतेम सव्वाचारशे पीपीएम कार्बन डायऑक्साइडने हे होते. मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड), सिरिया (सिरियम ऑक्साइड) आणि लँथनमच्या ऑक्साइडसारखे आम्लारीधर्मी पृष्ठभाग बाटली उघडल्याबरोबर तो धरायला लागतात.

या दोन्ही चाचण्या स्वच्छ निघाल्या आणि तरीही आकडे हलत असतील, तरच पुढचे मुद्दे बघा.

पूर्वप्रक्रिया: किती तापवायचे, कशात तापवायचे

किती, याचे सरसकट उत्तर नाही. गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे एक रूप) ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली तरी काही हायड्रॉक्सिल राहतातच. तिथे "पूर्ण कोरडी" हे ध्येय ठेवू नका, दर वेळी तेवढीच कोरडी हे ठेवा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३५० अंशांच्या आसपास मोडते, पण पृष्ठभागावरचे घट्ट कार्बोनेट जायला त्याहून बरेच वर जावे लागते. लँथनमच्या ऑक्साइडला तर ५०० अंशही पुरत नाहीत. दुसऱ्या बाजूने, ॲनाटेझ (टायटानियाचे दुसरे स्फटिकरूप) फार तापवली की कण वाढतात, रुटाइलमध्ये रूपांतर सुरू होते आणि क्षेत्रफळ कोसळते. दोन्ही मर्यादांच्या मध्ये एक तापमान निवडा आणि मग त्याला चिकटून राहा. तापवण्याचा वेग आणि वर थांबण्याचा वेळसुद्धा तोच ठेवा.

कशात तापवायचे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष जास्त होते. टायटानिया आणि सिरिया निर्वातात तापवले की जालकातला, म्हणजे स्फटिकाच्या सांगाड्यातला, ऑक्सिजन बाहेर पडतो. हे डोळ्यांनी दिसते: पांढरी टायटानिया करड्या-निळसर रंगाकडे झुकते, फिकट पिवळी सिरिया निळसर करडी होते. पेलेट (पावडर दाबून केलेली चकती) बाहेर काढल्यावर रंग बदललेला दिसला तर तुम्ही मोजलेला पृष्ठभाग तुम्ही समजत होतात तो नव्हताच. त्यावर रिकाम्या जागा होत्या, आणि किती होत्या हे पंपाच्या त्या दिवशीच्या ताकदीवर ठरले. दर फेरीत संख्या वेगळी, म्हणून आकडाही वेगळा.

उपाय: ४०० ते ५०० अंशांना कोरड्या ऑक्सिजनमध्ये तापवा, ऑक्सिजनमध्येच दीडशे-दोनशे अंशांपर्यंत थंड होऊ द्या, आणि मगच पंप लावा. रिकाम्या जागाच हव्या असतील तर त्या मुद्दाम बनवा: आधी असे पूर्ण ऑक्सिडीकरण, नंतर ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ निर्वात किंवा हायड्रोजन. सिरियाला हायड्रोजन देताना एवढे लक्षात असू द्या की त्यातून हायड्रॉक्सिलही तयार होतात, नुसत्या रिकाम्या जागा नाहीत.

थंड होतानाचा तास

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त घोळ इथे होतो. तापवून स्वच्छ केलेला ऑक्साइड हा त्या सगळ्या उपकरणातला पाण्याला सर्वांत जोरात ओढणारा भाग असतो. तो थंड होत असताना नळ्या, झडपा आणि भिंती मात्र अजून पाणी सोडत असतात.

हिशेब मांडून पाहू. ५० मिलिग्रॅम पावडर, क्षेत्रफळ ग्रॅममागे १०० चौरस मीटर. म्हणजे ५ चौरस मीटर पृष्ठभाग. चौरस मीटरमागे साधारण १० चा १९ वा घात इतक्या जागा धरल्या तर एकूण जागा सुमारे ८३ मायक्रोमोल. आता मिनिटाला ३० मिलिलिटर हेलियम वाहतो आहे आणि त्यात ५ पीपीएम पाणी आहे. मिनिटाला ६ नॅनोमोलच्या किंचित वर पाणी येते, दहा तासांत पावणेचार मायक्रोमोल. म्हणजे नमुना रात्रभर हेलियममध्ये ठेवला तर साडेचार टक्के जागा गेल्या.

साडेचार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पाणी आधी सर्वांत घट्ट जागा घेते. कडा, कोपरे आणि ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा मिळून एकूण जागांच्या पाचेक टक्केच असतील, तर सकाळी त्यातली जवळजवळ एकही मोकळी नसेल. त्या सकाळचा वर्णपट आणि संध्याकाळी तापवून लगेच घेतलेला वर्णपट एकमेकांशी जुळणार कसे?

यावर करायचे ते असे. हेलियमच्या वाटेवर पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही पकडणारा ट्रॅप लावा, आणि तो नमुन्याच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ; सिलिंडरजवळ लावून पुढे लांबलचक प्लास्टिकची नळी ठेवली तर त्या नळीतूनच पाणी आत झिरपते. धातूची नळी वापरा, तापवणारी पट्टी गुंडाळून ती नमुन्यासोबत भाजून घ्या. आणि शेवटचे तापवणे संपल्यापासून पहिल्या डोसपर्यंत गेलेला वेळ वहीत लिहा. दोन आठवड्यांनी आकड्यांच्या शेजारी हा रकाना ठेवून पाहा. पुष्कळदा आकड्यातली घट आणि थांबण्याचा वेळ हातात हात घालून चाललेले दिसतात.

अतिनिर्वातात काम करणाऱ्यांसाठीही हाच न्याय. दाब १० चा उणे ६ वा घात टॉर असेल आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटत असेल, तर पृष्ठभाग सुमारे एका सेकंदात झाकला जातो. उणे ९ ला तेच पंधरा-वीस मिनिटांत. थंड स्फटिकावर "थोडा वेळ थांबून" सुरुवात करणे परवडत नाही.

शिखर सरकते, पण हा दोष नव्हे

पूर्वप्रक्रिया चोख आहे, तरीही कार्बन मोनॉक्साइडचे शिखर कधी २१५७ ला तर कधी २१४९ ला सापडते. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सपाट पृष्ठभागावर हे अगदी असेच व्हायला हवे. पहिला आकडा एकट्या रेणूचा, दुसरा गर्दीतल्या रेणूचा.

रेणू वाढत जातात तसे दोन परिणाम एकाच वेळी होतात. शेजारी समांतर उभे असलेले रेणू एकाच लयीत कंप पावतात आणि त्यामुळे तरंगसंख्या वर जाते. त्याच वेळी शेजाऱ्यांमुळे पृष्ठभागाचा विद्युतप्रभाव बोथट होतो, प्रत्येक रेणूची पकड सैल होते आणि तरंगसंख्या खाली येते. ऑक्साइडांवर सहसा दुसरा परिणाम जिंकतो. दोन्ही वेगळे करायचे असतील तर कार्बन-१३ च्या रेणूंमध्ये थोडेसे साधे रेणू मिसळून मोजा: साध्या रेणूला लय साधायला जोडीदार मिळत नाही, तेव्हा उरते ते फक्त दुसऱ्या परिणामाचे सरकणे.

रेणू दाटीत कसे बसतात हे तर फारच सुंदर आहे. टायटानियाच्या रांगेत दोन टायटॅनियममधले अंतर २.९६ अँगस्ट्रॉम, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूचा व्यास साडेतीन अँगस्ट्रॉमहून जास्त. प्रत्येक टायटॅनियमवर एक असे सगळे सरळ उभे राहूच शकत नाहीत. रांग पूर्ण भरत आली की शेजारचे रेणू आळीपाळीने एक या बाजूला, एक त्या बाजूला कलतात, आणि आवर्तन, म्हणजे तीच मांडणी पुन्हा येण्याचे अंतर, दुप्पट होते. मॅग्नेशियम ऑक्साइडवर साधारण ४० केल्विनच्या खाली रेणू सी(४×२) नावाच्या रचनेत बसतात: दर चार मॅग्नेशियममागे तीन रेणू, त्यातला एक उभा आणि दोन कललेले. उभ्या आणि कललेल्या रेणूंची शिखरे वेगवेगळी येतात. तापमान वाढवले की ही रचना विस्कटते आणि शिखरे एक होतात. दोन शिखरे दिसली म्हणजे दोन प्रकारच्या जागा आहेत, हा निष्कर्ष इथे चुकतो. जागा एकच प्रकारची, बसण्याच्या तऱ्हा दोन.

मग दोष आणि रचना यात फरक कसा करायचा? तापमान स्थिर ठेवून लहान लहान डोस द्या, प्रत्येक डोसनंतर वर्णपट घ्या, पूर्ण भरल्यावर पायरीपायरीने पंप करत परत या. जाताना आणि येताना शिखर त्याच वाटेने फिरले, म्हणजे शिखराखालचे क्षेत्रफळ तितकेच असताना शिखराची जागाही तीच, तर सरकणे गर्दीमुळे आहे आणि तुम्हाला काहीही दुरुस्त करायचे नाही. फक्त तुलना करताना समान भरणाच्या (भरलेल्या जागांच्या प्रमाणाच्या) वर्णपटांची तुलना करा, समान दाबाच्या नव्हे. येतानाची वाट वेगळी निघाली तर काहीतरी कायमचे बदलले आहे: पाणी शिरले, किंवा कार्बन मोनॉक्साइडने जालकातला ऑक्सिजन उचलून कार्बोनेट बनवले. सिरियावर हे खोलीच्या तापमानालाही होते. १३०० ते १६०० चा पट्टा पुन्हा पाहिला की दोन्हीतले कोणते ते कळेल.

अजून एक सापळा पेलेट वापरणाऱ्यांसाठी. फार थंड असताना डोस दिला तर रेणू जिथे आदळले तिथेच अडकतात. पेलेटचा बाहेरचा थर गच्च भरतो, आतला कोरडा राहतो. सरासरी भरण कमी दिसते, पण शिखर मात्र गर्दीच्या जागी असते, आणि दोन्हीचा मेळ बसत नाही. डोस दिल्यावर तापमान थोडे वाढवून रेणूंना पसरू द्या, मग पुन्हा थंड करून वर्णपट घ्या. दोन वर्णपटांत फरक पडला तर हाच घोळ होता.

तापमान आणि वायू, थोडक्यात

थर्मोकपल (तापमापक तार) दाखवतो ते नमुना धरणाऱ्या धारकाचे तापमान. निर्वातात पावडर उष्णता फार वाईट वाहून नेते, आणि स्पेक्ट्रोमीटरचा किरण तिला सतत तापवत असतो. वर्णपट घेताना किरण थोडा वेळ अडवून पुन्हा सोडा. शिखराची उंची हलली तर नमुना धारकापेक्षा गरम आहे. काही मिलिबार हेलियम सोडला की फरक बराच भरून येतो. मॅग्नेशियाच्या सपाट जागा ५७ केल्विनला रिकाम्या होतात हे आठवा. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला त्या जागा फक्त वायूचा दाब असेपर्यंत भरलेल्या राहतात; पंप लावल्यावर जे उरते ते कडा, कोपरे आणि दोष.

कार्बन मोनॉक्साइड पोलादी सिलिंडरमधून येत असेल तर वर्णपटातल्या २००० ते २०५० च्या पट्ट्यावर नजर ठेवा. हा वायू दाबाखाली पोलादातल्या लोखंडाशी संयोग पावून लोह पेंटाकार्बोनिल बनवतो, तो वायूसोबत येतो आणि ऑक्साइडवर बसतो. गरम नमुन्यावर तर तो मोडून लोखंड मागे ठेवतो, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत पृष्ठभाग थोडा वेगळा होत जातो. दर फेरीला हळूहळू वाढत जाणारा बदल, तोही एकाच दिशेने, हे याचे लक्षण. ॲल्युमिनियमचा सिलिंडर घ्या, किंवा वाटेत द्रव नायट्रोजनचा ट्रॅप लावा; कमी दाबाला कार्बन मोनॉक्साइड त्यातून वायूच्या रूपात पार जातो, कार्बोनिल गोठून मागे राहते. वायू विषारी आहे आणि त्याला वास नाही, कार्बोनिलही विषारी आहे. हे सगळे फ्युमहूडमध्ये आणि गॅस अलार्म चालू ठेवूनच.

क्षेत्रफळाचा आकडा डळमळत असेल तर नायट्रोजनकडेही संशयाने पाहा. पावडरीने धरलेल्या वायूवरून क्षेत्रफळ काढण्याच्या बीईटी पद्धतीत, १९३८ पासून, ७७ केल्विनला नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर व्यापतो असे धरतात. पण नायट्रोजनचा रेणू हायड्रॉक्सिलकडे टोक करून उभा राहू शकतो, आणि मग तो तेवढी जागा व्यापत नाही. त्याच पावडरीवर हायड्रॉक्सिल कमी-जास्त झाले की क्षेत्रफळ बदलल्यासारखे दिसते. ८७ केल्विनचा आर्गॉन या बाबतीत जास्त भरवशाचा. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आययूपीएसी) २०१५ च्या शिफारशीही त्याच बाजूने आहेत.

गणित आणि प्रयोग जुळत नाहीत तेव्हा

गणित करणाऱ्यांच्या अडचणीचे मूळही बहुधा तेच असते: तुलना वेगवेगळ्या पृष्ठभागांची होते. संगणकावरच्या गणितात पृष्ठभागाचा एक लहान तुकडा (एककपेशी) सगळीकडे पुन्हा पुन्हा जोडलेला धरतात, म्हणून सर्वांत लहान एककपेशीत एक रेणू ठेवला की तो एकटा नसतो. आवर्तनामुळे तो पूर्ण भरलेला थर होतो, आणि त्यातली आपसातली ढकलाढकल बंधऊर्जेत मिसळते. एकट्या रेणूची ऊर्जा हवी तर पेशी मोठी घ्या. भरलेल्या थराची हवी तर निदान दुप्पट पेशी घ्या, नाहीतर आळीपाळीने कलायला रेणूंना वावच मिळत नाही.

रुटाइल (११०) च्या स्लॅबमध्ये (गणितासाठी घेतलेल्या काही थरांच्या पातळ कापात) थरांची संख्या सम की विषम यावर ऊर्जा वरखाली होत राहते, हे या पृष्ठभागाचे जुने दुखणे. तीन थरांचे उत्तर चार थरांशी पडताळल्याशिवाय वापरू नका. सिरिया आणि कमी ऑक्सिजनची टायटानिया यांत जादा इलेक्ट्रॉन कोणत्या धातूवर बसले आहेत ते प्रत्येक गणितानंतर तपासा. दोन धावांमधला फरक कित्येकदा रेणूमुळे नसून इलेक्ट्रॉन वेगळ्या अणूवर जाऊन बसल्यामुळे असतो. आणि प्रयोग पावडरीवर झाला असेल तर स्लॅबवर हायड्रॉक्सिल ठेवूनही एकदा गणित करा. कोऱ्या स्लॅबपेक्षा ते उत्तर वर्णपटाच्या जवळ जाताना अनेकदा दिसते.

हे सगळे करूनही आकडा फेरीगणिक घसरतच असेल, तर नमुना बाहेर काढून क्षेत्रफळ पुन्हा मोजा आणि आधीच्या मापनाशी ताडून पाहा. क्षेत्रफळ त्याच प्रमाणात घटले असेल तर कण एकमेकांना चिकटत आहेत. पूर्वप्रक्रियेचे तापमान पन्नास अंशांनी खाली आणा आणि नवी पावडर घ्या. क्षेत्रफळ तेच आणि धारणा मात्र कमी, असे असेल तर एक्सपीएसवर (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्ये ओळखणाऱ्या तंत्राने) पृष्ठभाग तपासा. क्लोरीन, गंधक आणि सोडियम ही नावे आधी शोधा. पावडर बनवताना वापरलेल्या क्षारांतून ती आत राहिलेली असतात आणि तापवल्यावर पृष्ठभागाकडे सरकतात.

तिन्हींपैकी काही सापडले तर त्या पावडरीवर आणखी फेऱ्या करण्यात अर्थ नाही. पावडरीचा नवा घाणा बनवा आणि तो भरपूर पाण्याने धुवा. सोडियम निघाले असेल तर पुढच्या खेपेला अवक्षेपणासाठी सोडियमच्या क्षाराऐवजी अमोनिया वापरा, क्लोरीन निघाले असेल तर क्लोराइडऐवजी नायट्रेट, आणि वायू न सोडता करायच्या त्या फेरीपासून मापन नव्याने सुरू करा.